टीआरएसटी ग्राउंड करावी की मोकळी ठेवावी?

मागील अंकात लघुउपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सविषयी दिलेल्या उत्तरात ‘ज्या नियंत्रण पिना उड्डाणात वापरायच्या नाहीत, त्या बोर्डवरच पक्क्या बांधून टाकाव्यात’ असे एक वाक्य आले होते. त्यावर बरीच पत्रे आली, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : आम्ही इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी एका लघुउपग्रहासाठी माहिती साठवणारा बोर्ड तयार करीत आहोत. त्यावर फ्लॅश प्रकारची एफपीजीए चिप (जिच्या आत हवे ते मंडल रचता येते अशी चिप) आहे. तिच्या जेटॅगच्या, म्हणजे चाचणी आणि प्रोग्रॅमिंगसाठीच्या, पाच पिनांपैकी टीआरएसटी या रीसेटच्या पिनेला आतूनच पुल-अप (पिनेला एककडे ओढणारा रेझिस्टर) असल्याने ती मोकळी सोडली तरी चिप नीट चालते, असे आमच्या सरांचे म्हणणे आहे आणि टेबलावर ती खरोखरच नीट चालते. परंतु बोर्डाची पाहणी करायला आलेल्या एका निवृत्त अभियंत्यांनी ही पिन ग्राउंडला जोडल्याशिवाय बोर्ड पुढे पाठवू नका, असे बजावले. आम्ही कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमचे सर प्रयोगशाळेपुरते बरोबर आहेत. बोर्ड वर जाणार असेल तर मात्र पाहुण्या अभियंत्यांचेच ऐका, आणि त्यांनी ‘बजावले’ याचा राग मानू नका, कारण ही गोष्ट बजावण्याच्याच योग्यतेची आहे.

बोर्डवर बसवलेल्या चिपांचे जोड सुया न टेकवता तपासता यावेत म्हणून निर्मात्यांच्या एका गटाने 1985 च्या सुमारास जेटॅगचे काम हाती घेतले आणि 1990 मध्ये ते आयईईई 1149.1 हे मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात टीसीके (घड्याळ), टीएमएस (अवस्था बदलणारी), टीडीआय (माहिती आत नेणारी) आणि टीडीओ (माहिती बाहेर आणणारी) या चार पिना सक्तीच्या आहेत, तर टीआरएसटी ही पाचवी पिन ऐच्छिक आहे. या पिनांच्या मागे ‘टॅप’ नावाचा एक लहानसा नियंत्रक असतो. त्याच्या 16 अवस्था असतात आणि त्या लक्षात ठेवायला चार फ्लिप-फ्लॉप, म्हणजे एकेक बिट साठवणारी मंडले, पुरतात. यांपैकी ‘टेस्ट-लॉजिक-रीसेट’ ही विश्रामाची अवस्था होय. नियंत्रक तिथे असेपर्यंत चाचणीचे मंडल बाजूला पडलेले असते आणि चिप तिला नेमून दिलेले काम करीत राहते.

आता टीआरएसटीकडे पाहा. ही पिन शून्यावर असली की टॅप नियंत्रक रीसेटमध्ये धरलेला राहतो आणि एकवर असली की तो मोकळा होतो. पिनेला बाहेरून काहीच जोडलेले नसेल तर आत ‘एक’ वाचला जावा, असे मानकच सांगते, आणि तुमच्या चिपमधला पुल-अप त्यासाठीच आहे. म्हणजे पिन मोकळी ठेवली, की तुम्ही रीसेट काढून घेतलेला असतो. तरीही टेबलावर चिप नीट चालते, कारण वीज मिळाल्यावर नियंत्रक एकदा विश्रामाच्या अवस्थेत गेला आणि तिथून त्याला कोणी हलवले नाही. त्याला तिथे रोखून धरणारे काहीही नाही, केवळ चार फ्लिप-फ्लॉपांची स्मृती आहे. अवकाशातला भारित कण नेमका याच स्मृतीवर घाला घालतो. तो सिलिकॉनमधून जाताना आपल्या मार्गावर विद्युतभार मोकळे करतो, आणि तो भार एखाद्या फ्लिप-फ्लॉपच्या नाजूक जागी गोळा झाला, की तिथला एक शून्य होतो किंवा शून्याचा एक होतो.

हे चार बिट उलटण्याचा परिणाम काय होतो, हे कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. टॅपच्या अवस्थांना द्यावयाच्या सांकेतिक अंकांचे प्रचलित उदाहरण घेतले तर टेस्ट-लॉजिक-रीसेट म्हणजे 1111. एक बिट उलटल्यास 1110, 1101, 1011 किंवा 0111 यांपैकी एक अवस्था मिळते. त्यांतल्या पहिल्या तीन, म्हणजे कॅप्चर-आयआर, अपडेट-आयआर आणि पॉज-आयआर, या सूचना-नोंदणीच्या शाखेतल्या आहेत. ज्या नोंदणीवरून चिपने चाचणी करायची की नेहमीचे काम, हे ठरते, तिच्या दारात नियंत्रक एका बिटाच्या चुकीने जाऊन उभा राहतो. शिवाय विश्रामाची अवस्था सुटली, की सूचना-नोंदणीला धरून ठेवणारा आतला रीसेटही सुटतो, त्यामुळे नंतर त्या नोंदणीच्या बिटावर दुसरा कण आदळला, तर ती चूक तशीच टिकून राहते. 1990 च्या मानकात ‘एक्सटेस्ट’ या सूचनेसाठी सर्व शून्यांचा संकेत राखून ठेवलेला होता. ही सूचना लागू झाली, की चिपच्या बाहेर जाणाऱ्या पिनांचा ताबा तुमच्या रचनेकडून काढून चाचणीच्या साखळीकडे जातो. मग एका चिपची पिन एक देत आहे आणि समोरच्या चिपची शून्य, असे दोघींचे भांडण लागते, प्रवाह वाढतो आणि बोर्ड मूग गिळून बसतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला उपग्रह ‘हँग’ झाला एवढेच कळते.

टीसीके स्थिर असेल, आणि तुमच्या बोर्डवर ती उड्डाणात स्थिरच असणार, तर नियंत्रकाला विश्रामाच्या अवस्थेत परत आणणारे कोणीच उरत नाही. वीज बंद करून पुन्हा चालू करणे हा एकच उपाय राहतो, आणि तोही बोर्डावर तशी सोय ठेवली असेल तरच.

टीआरएसटी ग्राउंडला बांधली, की चित्र पालटते. कण तेव्हाही येईल, फ्लिप-फ्लॉपमध्ये तेव्हाही भार पडेल, पण रीसेटची रेषा त्या फ्लिप-फ्लॉपला सतत धरून असल्याने तो भार ओसरताच अवस्था आपल्या जागी परत येते. सूचना-नोंदणीही रीसेटमध्येच राहते. चिपची स्मृती प्रारणाने बदलते, ग्राउंडला गेलेल्या तांब्याच्या पट्टीला ते काहीही करू शकत नाही, म्हणून महत्त्वाची अवस्था स्मृतीवर न सोपवता तांब्यावर सोपवावी. अवकाशासाठीच्या अँटिफ्यूज (एकदाच आणि कायमच्या प्रोग्रॅम होणाऱ्या) चिपांच्या बाबतीत टीआरएसटी उड्डाणात थेट ग्राउंड करावी असे निर्मातेच सांगत आले आहेत, आणि फ्लॅश प्रकारच्या प्रोएएसआयसी-3 मालिकेच्या माहितीपत्रकातही जोखमीच्या वापरासाठी ही पिन चिपजवळच रेझिस्टरमधून ग्राउंडला बांधण्याची शिफारस आहे. तुमच्या सरांनी पाहिलेल्या ‘आत पुल-अप आहे’ या वाक्याच्या आसपासच ती बहुधा सापडेल. माहितीपत्रकातला पिनांचा तक्ता पाहून थांबू नये, त्याखालचा मजकूर शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती सरांनाही आवर्जून सांगा.

प्रश्न : वरील गटातीलच मी एक विद्यार्थिनी. पिन थेट ग्राउंड केली तर बोर्डवर बसवलेली चिप प्रोग्रॅम कशी करायची? प्रोग्रॅमरला तर टीआरएसटी एकवर न्यावी लागते. आमच्याकडे 10 किलोओहमचे रेझिस्टर भरपूर आहेत, त्यांतला एक लावला तर चालेल का?

उत्तर : 10 किलोओहमचा रेझिस्टर इथे लावू नका. कारण साध्या गुणाकार-भागाकाराने कळते. आतला पुल-अप 10 किलोओहमचा धरला आणि बाहेरून तुम्ही तेवढाच रेझिस्टर ग्राउंडकडे लावला, तर 3.3 व्होल्टचे दोन समान भाग होऊन पिनेवर 1.65 व्होल्ट येतात. हे धड शून्यही नाही आणि धड एकही नाही. सीमॉस इनपुट अशा अर्धवट पातळीवर राहिले, की वरचा आणि खालचा दोन्ही ट्रान्झिस्टर थोडे थोडे चालू राहतात, प्रवाह वाहत राहतो आणि शेजारच्या रेषेवरचा लहानसा गोंगाटही पिनेला इकडून तिकडे ढकलू शकतो. त्याऐवजी 1 किलोओहम लावला तर पिनेवर सुमारे 0.3 व्होल्ट येतात, जे शून्य मानण्याच्या 0.8 व्होल्टच्या नेहमीच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली आहे. प्रोग्रॅमरला ही पिन वर नेताना 3.3 मिलिअँपिअर द्यावे लागतील, ते त्याला जड नाहीत. प्रोएएसआयसी-3 साठी 3.3 व्होल्टवर 200 ओहम ते 1 किलोओहम अशी श्रेणी सांगितली जाते, तिच्या आत राहा.

यात प्रारणाचा आणखी एक भाग आहे, जो बहुतेकांच्या हिशेबातून सुटतो. एकेक कण बिट उलटवतो ती गोष्ट वेगळी. त्याशिवाय महिन्यामागून महिने साठत जाणाऱ्या मात्रेमुळे ऑक्साइडच्या थरात भार अडकून राहतो, ट्रान्झिस्टरची उंबरठ्याची पातळी सरकते आणि पिनांमधून गळणारा प्रवाह वाढतो. समजा, मोहिमेच्या शेवटी एखाद्या पिनेची गळती 100 मायक्रोअँपिअरवर गेली. 10 किलोओहमच्या रेझिस्टरवर तेवढ्यानेच 1 व्होल्ट पडेल आणि शून्य हे शून्य राहणार नाही. 1 किलोओहमवर मात्र 0.1 व्होल्टच पडेल. जागा वाचवण्यासाठी एकाच रेझिस्टरला चार चिपांच्या पिना बांधलेल्या पुष्कळ बोर्डांवर दिसतात. अशा ठिकाणी चारही गळत्यांची बेरीज आणि चारही आतल्या पुल-अपांचा समांतर परिणाम हिशेबात धरावा लागतो. माझे मत विचाराल तर प्रत्येक चिपला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा आणि तो पिनेच्या अगदी लगत बसवावा.

प्रोग्रॅमिंग आणि सगळ्या चाचण्या संपल्या, की त्या रेझिस्टरला समांतर शून्य ओहमचा दुवा डाग द्यावा. त्यासाठी दोन पॅडांची जागा आराखड्यात आत्ताच सोडा. काही ठिकाणी हे काम कनेक्टरवर लावायच्या उड्डाण-प्लगवर सोपवतात, म्हणजे प्लगच्या आत टीआरएसटी आणि ग्राउंड जोडलेले असतात. मला ती पद्धत एकटी पुरेशी वाटत नाही. प्लग लावायचा राहून गेला, किंवा कंपनात संपर्क सुटला, तर बोर्डवर काहीच उरत नाही. तसेच टीआरएसटी दुसऱ्या एखाद्या चिपच्या आउटपुटवरून चालवण्याचा मोह टाळा. त्या चिपवरही कण आदळणारच, आणि मग तिच्या आउटपुटवर उठलेला क्षणभराचा स्पंद हा तुमच्या रीसेटचा मालक होतो.

प्रश्न : आमच्या जुन्या चिपला टीआरएसटी ही पिनच नाही. मग काय करावे? (ग्वाल्हेर)

उत्तर : टीएमएस सलग पाच टीसीके स्पंदांपर्यंत एकवर ठेवली, तर नियंत्रक कोणत्याही अवस्थेत असला तरी टेस्ट-लॉजिक-रीसेटमध्ये पोहोचतो, अशी 16 अवस्थांची आखणीच आहे. म्हणून टीएमएस बळकट पुल-अपने एकवर बांधायची आणि टीसीकेला बोर्डवरचे सतत चालणारे एखादे घड्याळ द्यायचे. घड्याळ 1 मेगाहर्ट्झचे असेल तर वाट चुकलेला नियंत्रक 5 मायक्रोसेकंदांत घरी येतो.

तरीही हा उपाय टीआरएसटीच्या तोडीचा नाही. पडलेल्या मुलाला उठवणे वेगळे आणि त्याचा हात धरून त्याला पडूच न देणे वेगळे. कणाने नियंत्रकाला कॅप्चर-आयआरमध्ये नेऊन ठेवले, असे समजा. तिथून परतीची वाट एक्झिट-1-आयआर, अपडेट-आयआर, सिलेक्ट-डीआर, सिलेक्ट-आयआर अशी जाते. या वाटेवर सूचना-नोंदणीत एक नमुना भरला जातो, ज्याचे शेवटचे दोन बिट मानकाप्रमाणे 01 असतात, आणि अपडेट-आयआरमध्ये तो नमुना लागू होतो. पुढचे दोन-अडीच स्पंद, विश्रामाची अवस्था येईपर्यंत, तीच चिपची सूचना असते. तुमच्या चिपमध्ये त्या नमुन्याचा अर्थ काय होतो, हे तिच्या बीएसडीएल फाइलमध्ये (चिपच्या जेटॅगचे वर्णन देणाऱ्या फाइलमध्ये) सूचनांची यादी पाहून तपासून घ्या. तो निरुपद्रवी असेल तर हा उपाय निर्धास्तपणे वापरा. टीसीकेसाठी वेगवान घड्याळ घेतले तर हा काळ आणखी लहान होतो, मात्र चिपच्या जेटॅगची कमाल गती ओलांडू नका.

ज्या चिपांना ‘मोड’ नावाची पिन असते, त्या जुन्या अँटिफ्यूज चिपांत ती वर गेली की आतल्या रेषा बाहेर दाखवणारी तपास-मंडले चालू होतात. ती थेट ग्राउंडला बांधा.

प्रश्न : मी एका त्वरकाजवळच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राजवळच्या) मापन-उपकरणांवर काम करतो. आमचे बोर्ड जमिनीवरच असतात आणि बिघडल्यास बदलता येतात. आम्हालाही एवढी काळजी घेणे आवश्यक आहे का? (इंदूर)

उत्तर : होय, आणि इंदूरच्या वाचकाने हे विचारावे हे योग्यच आहे. आपल्या शहरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-1 आणि इंडस-2 हे दोन सिंक्रोट्रॉन प्रारण-स्रोत आहेत. इंडस-2 मध्ये 2.5 गिगा इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन 172.5 मीटर परिघाच्या वलयात फिरतात. पुढे लिहितो ते कोणत्याही एका यंत्राविषयी नसून एकंदर इलेक्ट्रॉन-त्वरकांविषयी आहे.

इलेक्ट्रॉन झोतातून सुटून धातूवर आदळले, की जोरदार गॅमा किरण निघतात आणि ते पुरेशा ऊर्जेचे असतील तर अणुकेंद्रातून न्यूट्रॉन बाहेर पडतात. शिसे किंवा तांबे यांसारख्या धातूंसाठी ही ऊर्जा साधारण 7 ते 10 मेगा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पुढे लागते. न्यूट्रॉनला भार नसतो, पण तो सिलिकॉनच्या अणुकेंद्रावर आदळला की उडणारे तुकडे भारित असतात, आणि बिट तेच उलटवतात. मंदावलेले न्यूट्रॉनही निरुपद्रवी नसतात. ज्या जुन्या चिपांच्या काचेच्या थरात बोरॉन होते, त्यांत बोरॉन-10 असा न्यूट्रॉन गिळून अल्फा कण आणि लिथियम बाहेर टाकतो, तेही ट्रान्झिस्टरच्या डोक्यावरच.

तेव्हा त्वरकाच्या भुयारात किंवा त्याच्या भिंतीलगत एफपीजीए ठेवायची असेल तर टीआरएसटी, मोड आणि टीसीके यांचा विचार उपग्रहासारखाच करा. बोर्ड बदलता येतो हे खरे असले तरी तो बदलेपर्यंत झोत बंद ठेवावा लागतो आणि रांगेत थांबलेल्या प्रयोगकर्त्यांचा वेळ जातो. एका रेझिस्टरची किंमत जेल रोडच्या कोणत्याही दुकानात काही पैशांची आहे.

प्रश्न : झायलिंक्सच्या एसरॅम प्रकारच्या एफपीजीए चिपमध्ये मांडणीच, म्हणजे आत कोणते मंडल रचायचे हे सांगणारे बिटच, स्मृतीत असते आणि ती आम्ही सतत तपासून दुरुस्त करतो. मग पिनांचा प्रश्न गौण नाही का? (वडोदरा)

उत्तर : नाही, कारण दुरुस्ती करणारे मंडल ज्या वाटेने आत जाते, ती वाटही नियंत्रण पिनांची आणि त्यांच्यामागच्या नियंत्रकांचीच आहे. झायलिंक्सच्याच व्हर्टेक्स मालिकेच्या जड आयनांच्या चाचण्यांत संपूर्ण चिपचे कार्य थांबवणाऱ्या घटना वेगळ्या नोंदवल्या गेल्या, त्यांत पॉवर-ऑन-रीसेटचे मंडल, सिलेक्टमॅप हे मांडणी आत भरण्याचे दार आणि जेटॅगचे नियंत्रक यांतील बिघाड होते. आतले हे बिघाड बाहेरच्या रेझिस्टरने टळत नाहीत, पण त्यांत बाहेरची भर तरी घालू नये. प्रोग्रॅम-बी ही पिन क्षणभर जरी खाली गेली तरी सगळी मांडणी पुसली जाते, म्हणून तिला बळकट पुल-अप द्या आणि तिची रेषा घड्याळाच्या रेषेपासून दूर न्या. एम-0, एम-1 आणि एम-2 या मांडणी भरण्याची पद्धत ठरवणाऱ्या पिना आतल्या पुल-अपवर न सोडता बाहेरून पुरवठ्याला किंवा ग्राउंडला बांधा. या चिपांना टीआरएसटी नसते, त्यामुळे ग्वाल्हेरच्या वाचकांना दिलेले उत्तर तुम्हालाही लागू पडते.

आणखी एक गोष्ट तुमच्या दुरुस्तीच्या नजरेआड राहू शकते. व्हर्टेक्सच्या पहिल्या पिढीत न वापरलेल्या इनपुटांचा स्थिर शून्य किंवा एक ‘हाफ-लॅच’ नावाच्या कमकुवत धारकांकडे असे. कणाने ते उलटले तरी मांडणीच्या वाचनात ते दिसत नाही, म्हणजे तुमची तपासणी ‘सर्व ठीक’ म्हणत राहते आणि मंडल चुकीचे चालते. त्यावरचा एक प्रभावी उपाय म्हणजे रचनेला लागणारा स्थिर एक आणि शून्य बाहेरच्या, पक्क्या बांधलेल्या पिनेवरून आत घेणे.

प्रश्न : मग न वापरलेल्या साध्या इनपुट-आउटपुट पिनाही सरसकट ग्राउंडला डाग द्याव्यात का? आणि सगळे नीट बांधले आहे, याची खात्री बोर्ड बंद करण्यापूर्वी कशी करावी?

उत्तर : सरसकट नको. वापरकर्त्याच्या पिना वीज चढतानाच्या काळात किंवा चुकीच्या मांडणीत आउटपुट होऊ शकतात, आणि थेट ग्राउंड केलेल्या पिनेने एक द्यायचा प्रयत्न केला तर तिचा चालक ट्रान्झिस्टर जळू शकतो. त्यांना सॉफ्टवेअरमध्ये निश्चित अवस्था द्या आणि बाहेरून बांधायच्याच असतील तर रेझिस्टरमधून बांधा. थेट ग्राउंड फक्त ज्या पिना कायम इनपुटच असतात आणि ज्यांच्याबाबत माहितीपत्रक तसे सांगते, त्यांनाच.

खात्रीसाठी ऑसिलोस्कोपवर विसंबू नका. त्याच्या प्रोबचा रोध साधारण 10 मेगाओहमचा असतो आणि तो टोचताच तरंगणारी पिन प्रोबमधूनच ग्राउंडकडे ओढली जाते. तपासताना सगळे ठीक दिसते आणि प्रोब काढला की पिन पुन्हा तरंगू लागते. त्याऐवजी बोर्डाची वीज पूर्ण काढा, मल्टिमीटर ओहमवर ठेवा, दोन्ही टोके आधी एकमेकांना टेकवून तारांचाच रोध किती येतो ते पाहा, आणि मग एक टोक चिपच्या पायावर, सोल्डरच्या वर, व दुसरे ग्राउंडच्या पॅडवर धरा. पहिले टोक पिनेच्या पॅडवर न धरता पायावरच धरा, कारण सोल्डरचा सांधा कच्चा असेल तर पॅड ग्राउंडला जोडलेला दिसतो आणि पाय मात्र हवेत असतो. थेट दुवा असेल तर तारांच्या रोधाइतकेच वाचन यायला हवे, 1 किलोओहम लावला असेल तर त्याच्या आसपास. काही किलोओहम दिसले तर तुम्ही आतला पुल-अप मोजत आहात आणि बाहेरचा जोड तुटलेला आहे. हे वाचन संरक्षक लेप देण्यापूर्वी प्रत्येक नियंत्रण पिनेसाठी घेऊन, पिनेच्या नावापुढे आकडा लिहून, तपासणाऱ्याच्या सहीसह बोर्डाच्या कागदपत्रांत ठेवा, आणि शून्य ओहमचे दुवे बसवल्यावर तेच वाचन पुन्हा घ्या.